दगडी झाली? ट्यूब सोडण्याआधी, सोडताना आणि सोडल्यानंतर

सकाळी धारेला बसल्यावर भांड्यात गाठ पडते, म्हणजे जनावराला दगडी (कासदाह, जंतूंमुळे येणारी कासेची सूज) झाली. अर्ध्या तासात घरातले कोणीतरी तालुक्याच्या मेडिकलमधून सडात सोडायची अँटिबायोटिक ट्यूब आणते. सड ओल्या फडक्याने पुसायचे, ट्यूब सोडायची, उरलेले पेनिसिलीन मानेत टोचायचे. संध्याकाळी दूध जरा बरे दिसते, दुसऱ्या दिवशी अजून बरे, तिसऱ्या दिवशी उपचार बंद. महिन्याभरात त्याच सडात पुन्हा गाठी येतात आणि मग औषधात दम नव्हता असे ठरते. बहुतेक वेळा औषध बरोबर असते, चुकतो तो क्रम. ट्यूब हे सहावे काम आहे आणि आपण ते पहिले करतो.

हा क्रम गाय आणि म्हैस दोघींना लागू आहे. म्हशीच्या सडाचे तोंड जास्त घट्ट असते, म्हणून तिथे टोक ढकलण्याची घाई आणखी महागात पडते.

आधी पेटी भरून ठेवा

कासदाह रात्री-बेरात्रीच सापडतो, त्यामुळे दुकान उघडण्याची वाट पाहावी लागू नये. एका झाकणाच्या डब्यात एवढे ठेवा: जनावरांचा थर्मामीटर, सर्जिकल स्पिरिट आणि कापूस, वापरून फेकण्याचे हातमोजे, 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन, ग्लिसरीन, तीन-चार निर्जंतुक नमुना बाटल्या, काळे फडके ताणून बांधलेली एक वाटी, चार पांढऱ्या वाट्या, मार्कर आणि वही. वही विसरू नका. ती नसेल तर पुढच्या निम्म्या सूचना वाया जातात.

अँटिबायोटिक ट्यूब मात्र साठवून ठेवू नका. मागच्या खेपेची उरलेली ट्यूब यावेळच्या जंतूवर चालेलच असे नाही आणि घरात ट्यूब असली की हात आधी तिच्याकडेच जातो.

टप्पा 1 : पहिल्या तीन धारा वाटीत

प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन धारा काळ्या फडक्याच्या वाटीत घ्या. पांढऱ्या भांड्यात बारीक गाठी दिसत नाहीत, काळ्यावर लगेच दिसतात. गाठी, चोथा, पाण्यासारखे पातळ दूध, पिवळसर पाणी, रक्ताची झाक यांपैकी काय दिसले ते शब्दांत लिहा. ‘दूध खराब’ असे लिहू नका. ‘उजवे मागचे, पिवळे पाणी’ असे लिहा.

या धारा जमिनीवर मारायची सवय मोडा. गाय बसली की तेच दूध तिच्या कासेला लागते, आणि शेजारणीच्याही. वाटीतले दूध गोठ्याबाहेर खड्ड्यात ओता.

मग कास हाताने तपासा. चारही कप्पे दाबून पाहा आणि गरम, कडक, दुखरे की थंड ते ठरवा. थंड का, ते पुढच्या टप्प्यात येते.

टप्पा 2 : जनावर किती आजारी आहे ते आधी ठरवा

लोक कास पाहतात, गाय पाहायची राहते. थर्मामीटर लावा. गाईचे नेहमीचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. मग विचारा: रवंथ करते का, आंबोण खाल्ले का, कान थंड आहेत का, उठते का?

दुधात फक्त गाठी आहेत, गाय खातेपिते आहे, ताप नाही, तर डॉक्टरांना फोन करून आजच्या दिवसात बोलवा. पुढचे टप्पे नीट करायला वेळ आहे.

कास सुजलेली, गरम, दुखरी आहे आणि ताप 103 च्या वर आहे, तर त्याच वेळेला डॉक्टर हवेत. ते येईपर्यंत टप्पा 5 सुरू करा.

दूध पिवळ्या पाण्यासारखे आहे, गाय सुस्त, डोळे खोल गेलेले, कान थंड, उठत नाही, तर ही धावपळीची वेळ आहे. शेणातले ई. कोलायसारखे जंतू कासेत शिरले की त्यांचे विष रक्तात उतरते आणि गाय काही तासांत खचते. इथे शिरेतून सलाइन आणि सूज उतरवणारे इंजेक्शन लागते. सडातल्या एका ट्यूबने ती वाचत नाही. राज्यात पशुवैद्यकीय सेवेसाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. फोनवर ‘दगडी झाली’ एवढेच सांगू नका. ‘गाय बसली आहे, कान थंड आहेत, दूध पाण्यासारखे आहे’ असे सांगा, म्हणजे येणारा माणूस योग्य सामान घेऊन निघेल.

सड किंवा कासेचा भाग थंड, निळसर-काळा पडला असेल तर तो भाग मरायला लागला आहे. शेळ्यांमध्ये हे जास्त दिसते. चोळणे, शेकणे लगेच थांबवा.

*सावधान :* व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत गाय बसली की सगळे ‘कॅल्शियम कमी झाले’ म्हणतात आणि कोणीतरी शिरेतून बाटली चढवतो. आधी चारही सडांच्या दोन-दोन धारा पाहा. विषारी कासदाहातही गाय अशीच बसते आणि अशा गाईला घाईने शिरेतून कॅल्शियम दिले तर हृदय बंद पडू शकते.

टप्पा 3 : नेमके कोणते सड?

दिसणारा कासदाह एका सडात असला तरी दुसऱ्यात न दिसणारा असू शकतो. दूध स्वच्छ, कास मऊ, पण दोन लिटर कमी. हा छुपा प्रकार शोधण्याची चाचणी घरी होते. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपड्यांची डिटर्जंट पावडर विरघळवा, म्हणजे 3 टक्के द्रावण झाले. पहिल्या धारा टाकून द्या. चार वाट्यांत चार सडांचे थोडे-थोडे दूध घ्या आणि प्रत्येकीत तेवढेच द्रावण घाला. वाट्या गोल-गोल फिरवा आणि साधारण दहा-पंधरा सेकंदांत पाहा.

मिश्रण पाण्यासारखे वाहिले तर सड ठीक आहे. शेंबडासारखे घट्ट झाले, वाटी तिरकी केली तरी एकत्र सरकले, तर त्या सडात पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत. साबण त्या पेशी फोडतो आणि आतल्या द्रव्याची चिकट जेली होते. डॉक्टरांकडची निळसर-जांभळ्या द्रावणाची चाचणी याच तत्त्वावर चालते, फक्त तिचे वाचन जास्त नेमके असते.

*तपासा :* वाट्यांवर सडांची नावे मार्करने आधीच लिहिली का? चार वाट्या हातात घेतल्यावर डावे पुढचे कोणते आणि उजवे मागचे कोणते याचा घोळ हमखास होतो.

*चुकीचा निकाल कधी येतो :* व्याल्यानंतर पहिले पाच दिवस चिकामुळे आणि आटत आलेल्या गाईत दूध घट्ट झाल्यामुळे निरोगी सडही चिकट दाखवते. त्या काळात चारही सडे सारखी चिकट आली तर घाबरू नका. एकच वेगळे आले तर लक्ष द्या.

टप्पा 4 : नमुना, आणि तोही औषधाच्या आधी

पहिल्यांदाच होणाऱ्या साध्या कासदाहात प्रत्येक वेळी नमुना पाठवत नाहीत. पण तेच सड पुन्हा सुजले, एका गोठ्यात महिन्यात दोन-तीन गाई झाल्या किंवा ट्यूब चालल्याच नाहीत, तर नमुन्याशिवाय पुढे जाऊ नका. अँटिबायोटिकचा एक थेंबही गेला की प्रयोगशाळेत जंतू वाढत नाहीत आणि ‘काही सापडले नाही’ असा अहवाल येतो. शेतकरी तो अहवाल घेऊन प्रयोगशाळेवर चिडतो.

घ्यायचे असे: हात धुवा, मोजे घाला. सड कोरडे पुसा. पहिल्या तीन धारा टाका. सडाचे टोक स्पिरिटच्या कापसाने घासा, कापूस पांढरा येईपर्यंत नवा-नवा घ्या, स्पिरिट वाळू द्या. बाटलीचे झाकण आताच उघडा आणि त्याची आतली बाजू खाली धरा. बाटली आडवी धरून एक-दोन धारा घ्या, लगेच बंद करा. बाटली उभी धरली तर कासेवरचा कचरा आत पडतो. नाव, सड, तारीख लिहून बर्फात ठेवा आणि 24 तासांत पोहोचवा. नमुना पुण्यात औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासून घेता येतो. शिरवळ, परळ, उदगीर, परभणी आणि नागपूरला ही महाविद्यालये आहेत. पाठवण्याआधी तुमच्या दवाखान्यातून चिठ्ठी घ्या. जंतूबरोबर ‘कोणते औषध चालेल’ हीही तपासणी मागा.

टप्पा 5 : कास रिकामी करा

हा सगळ्यात दुर्लक्षित टप्पा, म्हणून थोडे सविस्तर. कासेत साचलेले घाण दूध म्हणजे जंतू, त्यांचे विष आणि पू यांचा साठा. त्यावर औषध ओतले तर ते पातळ होते आणि गाठींमुळे आतपर्यंत पोहोचत नाही. डॉक्टर येईपर्यंत दर दोन-तीन तासांनी सुजलेल्या सडाचे दूध पूर्ण पिळून काढा. गाईला दुखते, ती लाथ मारणार. हळू करा, पण सोडू नका.

अंगठा मुडपून धार काढणे आजपासून बंद. अंगठ्याच्या सांध्याने सड चेपले की आतले अस्तर फाटते आणि त्या जखमेतच पुढचा कासदाह घर करतो. पूर्ण मुठीने काढा. पान्हा सोडण्यासाठी वासरू लावायचे असेल तर ते निरोगी सडाला लावा.

पान्हा सुटत नाही म्हणून स्वतःच्या मनाने ऑक्सिटोसिन टोचू नका. डॉक्टरांनी कास रिकामी करण्यासाठी दिले तर गोष्ट वेगळी.

शेक की बर्फ? पहिल्या दिवशी कास लालबुंद, गरम असेल तर थंड पाण्याच्या धारा मारा. तीव्र दाह उतरून कडकपणा उरला की कोमट शेक द्या. उलटे केले तर सूज वाढते. बाहेरून लावायला कोरफडीचा गर 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि खायचा चुना 15 ग्रॅम एकत्र वाटून केलेला लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सुचवते. तो दिवसातून अनेकदा धुऊन पुन्हा लावायचा असतो. लेप लावायला माझा आक्षेप नाही, लेप लावून तीन दिवस डॉक्टरांना फोनच न करण्याला आहे. आणि लेप सडाच्या तोंडात जाता कामा नये. ट्यूब सोडण्याआधी कास धुऊन पूर्ण कोरडी करा.

*सावधान :* सड मोकळे करण्यासाठी कडुनिंबाची काडी, सुई, तार किंवा सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आत घालू नका. अशी काडी घालून कायमची तीन सडावर आलेली जनावरे मी पाहिली आहेत.

टप्पा 6 : ट्यूब सोडणे

डॉक्टरांनी औषध ठरवले, कास रिकामी झाली, मगच इथे या.

1. ट्यूब खोलीच्या तापमानाला आणा. ती कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची पद्धत फार पसरली आहे आणि फार वाईट आहे. बादलीतल्या पाण्यातले जंतू टोकाला चिकटून थेट कासेत जातात.

2. हात धुवून मोजे घाला. सड कोरडे असायला हवे. ओल्या सडावरून घाणेरडे पाणी ओघळून टोकावरच येते.

3. सडाचे टोक स्पिरिटच्या कापसाने घासा. एकदा फिरवून भागत नाही. शेवटचा कापूस डाग न पडता पांढरा निघेपर्यंत घासा. दोन सडांत सोडायची असेल तर दूरचे सड आधी पुसा आणि जवळच्या सडात ट्यूब आधी सोडा. उलटे केले तर दूरच्या सडाकडे जाताना तुमची बाही पुसलेल्या सडाला लागते.

4. टोपण शेवटच्या क्षणी काढा. टोक दाताने काढणारे लोक आहेत. त्यांच्या तोंडातले जंतू गाईला द्यायचे कारण नाही.

5. टोक फक्त तीन-चार मिलिमीटर आत घाला. बऱ्याच ट्यूबना दोन टप्प्यांचे टोपण असते, त्यातले वरचे छोटे काढले की छोटे टोक उघडे पडते. तेच वापरा. सडाच्या तोंडाशी मेणासारख्या पदार्थाचे नैसर्गिक बूच असते. लांब टोक पूर्ण घुसवले की ते बूच आणि त्याला चिकटलेले जंतू आत ढकलले जातात, सडाचे तोंडही सैल होते.

6. हळू दाबा. एका सडाला एक पूर्ण ट्यूब. अर्धी या सडात, अर्धी त्या सडात असे करू नका, औषध दोन्हीकडे कमी पडते आणि एकाचे जंतू दुसऱ्यात जातात.

7. सडाचे टोक बोटांनी दाबून धरा आणि औषध खालून वर, कासेकडे चोळा.

इंजेक्शनच्या बाबतीत एक गोष्ट स्वतः वाचा. सूज आणि ताप उतरवण्यासाठी मेलॉक्सिकॅमसारखे औषध डॉक्टर देतात. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकही बंद झाले. अशा जनावराचे मेलेले अंग खाल्ले की गिधाडे मरतात. तरीही माणसांसाठीची बाटली गोठ्यात आणून वापरली जाते. तुमच्या हातात आलेल्या बाटलीवरचे नाव पाहा.

टप्पा 7 : आयोडीन, आणि गाईला बसू देऊ नका

5 टक्के पोव्हिडोन आयोडीनमध्ये सडाला लागणारे सुमारे अर्धा टक्का आयोडीन असते. त्यात साधारण दहावा भाग ग्लिसरीन घाला, नाहीतर सडाची कातडी फुटते. छोट्या कपात घेऊन सड पूर्ण बुडवा. फवारणी अर्ध्याच बाजूला लागते. उरलेले द्रावण बाटलीत परत ओतू नका.

धारेनंतर सडाचे तोंड अर्धा ते एक तास उघडे राहते. तेवढा वेळ गाय उभी राहावी म्हणून हिरवी वैरण धारेनंतर टाका. बहुतेक गोठ्यांत आंबोण धारेच्या वेळी देतात आणि धार झाली की गव्हाण रिकामी असते, त्यामुळे गाय लगेच शेणात बसते. फक्त वैरणीची वेळ बदलून नवे कासदाह कमी झालेले मी अनेक गोठ्यांत पाहिले आहेत.

धारेचा क्रमही बदला. आधी पहिलारू, मग निरोगी, मग नुकत्या बऱ्या झालेल्या आणि सगळ्यात शेवटी आजारी जनावर. तिच्यानंतर हात आणि भांडी गरम पाणी व साबणाने धुवा.

टप्पा 8 : दूध कुठे जाणार?

ट्यूब एका सडात सोडली तरी औषध रक्तातून बाकीच्या तीन सडांतही उतरते. म्हणून चारही सडांचे दूध वेगळे काढायचे. मुदत ट्यूबच्या खोक्यावर छापलेली असते आणि ती शेवटच्या ट्यूबपासून मोजायची, पहिल्यापासून नाही. समजा 72 तास लिहिले आहेत आणि शेवटची ट्यूब मंगळवारी संध्याकाळी सहाला सोडली. मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहाला संपते, किटलीत पहिले दूध शनिवारी सकाळचे. लेबलवर मुदतच नसेल तर किमान 7 दिवस धरा, सोबत इंजेक्शन दिले असेल तर ज्याची मुदत जास्त ती पाळा.

हे दूध उकळून चालत नाही, अँटिबायोटिक उकळीने संपत नाही. घरात त्याचे विरजण लागत नाही यावरूनच ओळखा. संकलन केंद्रावर एका गाईच्या दुधाने अख्खा टँकर नाकारला जाऊ शकतो. वासराला पाजू नका, त्याच्या पोटात औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. खड्ड्यात ओता आणि गाईच्या पायाला लाल फडके बांधा, म्हणजे संध्याकाळी धारेला बसणाऱ्याला आठवण करून द्यावी लागणार नाही.

टप्पा 9 : कोर्स पूर्ण करा, मग पुन्हा वाट्या

दूध पांढरे झाले म्हणजे जंतू संपले असे नाही. गाठी शरीराच्या प्रतिकारामुळे येतात. औषधाने जंतू कमी झाले की गाठी आधी थांबतात, उरलेले जंतू कासेच्या पेशींत दडून बसतात. सोनेरी स्टॅफिलोकोकस हा जंतू यात पटाईत. म्हणून डॉक्टरांनी जितक्या ट्यूब सांगितल्या तितक्या सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत काहीच फरक नसेल तर स्वतःच ब्रँड बदलत बसू नका, नमुना पाठवा.

शेवटच्या ट्यूबनंतर दोन ते तीन आठवड्यांनी टप्पा 3 ची चाचणी पुन्हा करा. ते सड अजून चिकट असेल तर कासदाह छुपा झाला आहे. अशा जुनाट सडात भर दुधात वारंवार ट्यूब सोडून पैसे आणि दूध दोन्ही जातात. असे सड बरे करण्याची खरी संधी आटवताना, म्हणजे विण्याआधी दूध बंद करताना मिळते.

टप्पा 10 : आटवताना चारही सडे

विण्याच्या साधारण 60 दिवस आधी गाय आटवा. आठवडाभर आधी आंबोण कमी करा. एक दिवसाआड धार काढत आटवू नका. दूध कमी झाले की एक दिवस शेवटची धार पूर्ण काढा, चारही सडांत आटवण्याच्या वेळच्या वेगळ्या, दीर्घ परिणामाच्या ट्यूब टप्पा 6 च्या पद्धतीने सोडा, आयोडीनमध्ये बुडवा आणि धार थांबवा. भर दुधातल्या ट्यूब इथे चालत नाहीत. आटवणीच्या ट्यूब दुधात असलेल्या गाईत तर मुळीच नकोत, त्यांचा अंश आठवडेच्या आठवडे दुधात येत राहतो.

पुढचे दोन आठवडे रोज कास नजरेने पाहा. थोडी फुगेल, ते दूध आपोआप जिरते. एकच कप्पा लाल, गरम झाला तर डॉक्टरांना दाखवा. नुसता फुगला म्हणून पिळून पाहू नका, सडाच्या तोंडाला बसलेले बूच त्याने मोडते. गाय कोरड्या जागी ठेवा, खाली चुना भुरभुरा. आटवल्याची तारीख, ट्यूबचे नाव आणि विण्याची अंदाजे तारीख वहीत एका ओळीत लिहा. शेजारी विण्यानंतरच्या सहाव्या दिवसाची तारीखही टाका, त्या दिवशी चार वाट्यांची चाचणी पुन्हा करायची आहे.